उसने बळ

हैदराबाद हे सपाट शहर आहे असे जो म्हणतो, तो येथे मोटारीतून हिंडलेला असतो, असे मी खुशाल समजतो. पायी चालणाऱ्याला थोडी शंका येते. सायकलवाल्याला मात्र या शहराची खरी कुंडली ठाऊक असते. दख्खनच्या पठारावरील ग्रॅनाइटचे जुने खडक रस्ते करणाऱ्यांनी फोडले, पुष्कळ ठिकाणी नाहीसेही केले. परंतु त्या खडकांनी दिलेला चढउतार काही नाहीसा झाला नाही. मासाब टँककडून बंजारा हिल्सचा बारा नंबरचा रस्ता धरावा, म्हणजे हे सत्य प्रथम मांड्यांना, मग छातीला आणि शेवटी अहंकाराला कळते. मला ते याच क्रमाने कळले.

२०२२ सालचा पावसाळा संपत आला होता. वडिलांची जुनी सायकल जिन्याखालून काढून, तिचे तेलपाणी करून मी मेहदीपट्टणमहून कचेरीस निघालो होतो. अर्धा चढ चढून झाला आणि पाय थांबले. मी खाली उतरलो, हँडल धरून उभा राहिलो आणि घड्याळाकडे पाहत असल्याचा बहाणा केला. शेजारून एक हातगाडीवाला पेरूंनी भरलेली गाडी चढावर लोटत चालला होता. माझ्याकडे पाहून त्याने अगदी आपुलकीने विचारले, "चचा, धक्का मारूं क्या?" त्याच्या शब्दांत उपहासाचा लवलेश नव्हता. असता तर बरे झाले असते. उपहासाला काही उत्तर तरी देता येते. त्या दिवशी उरलेला चढ मी सायकल हातात धरून पायी चढलो, आणि संध्याकाळी ती पुन्हा जिन्याखाली गेली.

छप्पन्नाव्या वर्षी मला सायकलची आठवण का व्हावी, हे सांगितले पाहिजे. त्याच वर्षी माझ्या पत्नीवर मोठी शस्त्रक्रिया झाली. तिच्या आदल्या दिवशी मी चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून आलो होतो. या देवस्थानाची रीत हैदराबादेत सर्वांना ठाऊक आहे : मागणे मागताना अकरा प्रदक्षिणा घालायच्या, आणि ते पुरे झाले म्हणजे एकशे आठ. तेथे हुंडी नाही, पैसे भरून पुढे जाण्याची सोय नाही. देवाला द्यायचे ते पायांनीच द्यायचे. पत्नी बरी झाली. घरात वावरू लागली, तुळशीला पाणी घालू लागली. माझ्याकडे एकशे आठ प्रदक्षिणांचे देणे राहिले. आणि मनाशी मी आणखी एक भर घातली होती, जी देवाने मागितली नव्हती : त्या प्रदक्षिणांसाठी मी सायकलने जाईन, जसे माझे वडील जात असत.

वडील कारवारकडचे. १९५४ साली सरकारी कचेरीत कारकून म्हणून हैदराबादेस आले आणि काचीगुड्याला बिऱ्हाड केले. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि रस्त्यावर दखनी, अशा चार भाषांत आम्ही भावंडे वाढलो. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीच्या वर्गांत माझे मराठी घडले. आमचे कुलदैवत गोव्यात, म्हार्दोळची म्हालसा. वडिलांच्या पगारात दरवर्षी म्हार्दोळला जाणे शक्य नव्हते. म्हणून कार्तिकातल्या एका रविवारी ते १९५८ साली घेतलेल्या आपल्या काळ्या सायकलवरून चिलकूरला जात. पहाटे अंधारात निघत, पुढच्या चाकावर डायनमोचा दिवा घरघरत असे, आणि दुपारी जेवणाच्या वेळी प्रसादाची पुडी घेऊन परत येत. थकलात का, असे आईने विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असे : "पांयांक संवय आसूंक जाय."

व्यायामाविषयी ते बोलू लागले की पंडित सातवळेकरांचे नाव हटकून निघे. सावंतवाडीकडचा हा चित्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे हैदराबादेत राहिला, वेदांचा भाष्यकार झाला, सूर्यनमस्काराचा पुरस्कर्ता झाला आणि १८६७ साली जन्मून १९६८ पर्यंत जगला. "शंभर वर्षे जगायचे तर शरीराकडून रोज थोडे काम वसूल केले पाहिजे," असे वडील म्हणत. ते स्वतः एक्याऐंशी वर्षे जगले, आणि शेवटची दोन वर्षे सोडली तर सायकल त्यांनी सोडली नाही. मी मात्र पस्तिशीत स्कूटर घेतली, चाळिशीत मोटार. आणि पन्नाशीनंतर डॉक्टर माझ्या रक्तातल्या साखरेविषयी गंभीर चेहऱ्याने बोलू लागले.

विजेच्या सायकलची सूचना माझ्या मुलाची. ती ऐकून मी रागावलो. ज्याला सायकल चालवायची आहे त्याने ती चालवावी, ज्याला मोटरगाडी हवी त्याने मोटरगाडी घ्यावी. एकाचे नाव सांगून दुसऱ्याचे सुख घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. शिवाय नवसाला उसने बळ कसे चालणार? मुलगा वाद घालीत बसला नाही. "एकदा चालवून तरी पाहा," एवढेच तो म्हणाला. आणि एका रविवारी मला दुकानात घेऊन गेला.

तेथे मला प्रथम कळले की विजेच्या सर्व सायकली एका जातीच्या नसतात. काहींना स्कूटरसारखी मूठ असते. ती पिळली की पाय न हलवता गाडी पळते. काहींत पायटे फिरत आहेत की नाहीत एवढेच यंत्राला कळते. पाय नुसते गोल फिरवले तरी ते ओढू लागते. तिसऱ्या जातीत टॉर्क सेन्सर असतो. पायट्यावर आपण किती जोर देतो ते तो क्षणोक्षणी मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर आपला जोर मिळवते. पाय थांबले की मोटरही थांबते. हे ऐकताना मला म्हार्दोळची पालखी आठवली. दांड्याला नुसता हात लावून मिरवणारे असतात, आणि खरोखर खांदा देणारेही असतात. खांदा देणारा काही एकटाच पालखी वाहत नाही. शेजारच्याचा खांदा त्याला हवाच असतो. पण म्हणून त्याचे वाहणे खोटे ठरत नाही. ही तिसऱ्या जातीची सायकल माझ्या खांद्याजवळ खांदा देणारी आहे, असे मला वाटले, आणि माझा राग पुष्कळसा ओसरला.

उरलेला राग आकड्यांनी घालवला. मी आयुष्यभर हिशेबाच्या कामात घालवलेला माणूस. आकड्यांपुढे माझे चालत नाही. मी आणि सायकल मिळून नव्वद किलो. चढ समजा पन्नास मीटर उंचीचा. तेवढे वजन तेवढे वर न्यायला चव्वेचाळीस हजार ज्यूल लागतात. हा चढ पाच मिनिटांत संपवायचा म्हटले तर दीडशे वॉट शक्ती सतत हवी, आणि ती केवळ चढासाठी. वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच. तयारी नसलेल्या साधारण माणसाचे पाय दीर्घ काळ जेमतेम शंभराच्या आसपास वॉट देतात. म्हणजे बारा नंबरच्या रस्त्यावर माझे पाय थांबले, तो माझ्या चारित्र्याचा दोष नव्हता. साधी वजाबाकी होती. आणि त्या चढाला लागणारी सारी ऊर्जा बॅटरीच्या मापाने मोजली तर बारा वॉट-तास भरते. माझ्या सायकलची बॅटरी अडीचशे वॉट-तासांची आहे, म्हणजे एक चढ तिचा विसावा हिस्सा. ती पूर्ण भरायला विजेचे पाव युनिट, आणि थोडी घट धरली तर त्याहून किंचित अधिक, लागते.

ही कल्पनाही काही आजची नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाने विजेच्या सायकलचे पेटंट १८९५ च्या डिसेंबरात मिळवले होते. पायांच्या जोराला जोड देणारी सायकल मात्र जपानात यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणली, तेव्हा तिला खरी वाट सापडली. आपल्याकडे कायद्यानेही तिला सायकलच मानले आहे. मोटर पाव किलोवॉटच्या आतली असावी, ताशी पंचवीस किलोमीटरांचा वेग येईपर्यंत तिचे साहाय्य कमी होत जाऊन थांबावे, आणि पाय थांबले की तेही थांबावे. असे असल्यास ती मोटर वाहन ठरत नाही आणि तिला परवाना किंवा नोंदणी लागत नाही.

मी हलकी सायकल घेतली. तिचे वजन सोळा किलो, वडिलांच्या बिनमोटरीच्या सायकलीहून सहा किलो कमी. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. रोज सायकल वर न्यायची तर प्रत्येक किलो मोजावा लागतो. हलकेपणाची किंमतही असते. बॅटरी लहान, म्हणून पल्ला लहान. जपून वापरली तर पन्नास किलोमीटर पुरते. हौसेने वापरली तर त्याच्या पुष्कळ अलीकडे संपते. पण बॅटरी संपल्यावर किंवा पंचविसाच्या वेगापुढे ती साध्या सायकलीसारखी चालते, जड गाडीसारखी पायांना लटकत नाही. दुकानदाराचे हे शेवटचे वाक्य मी त्या वेळी नीट ऐकले नव्हते.

२०२३ च्या जानेवारीपासून मी तिच्यावरून कचेरीत जाऊ लागलो. पहिल्या दिवशी बारा नंबरचा चढ चढून गेलो आणि वर पोहोचल्यावर उगीचच मागे वळून पाहिले. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला तेव्हाही सकाळी कचेरीत सदरा कोरडा घेऊन पोहोचता येई, कारण चढावर जोर मोटर अधिक घेई. परतीच्या वाटेवर मात्र मी साहाय्य सर्वांत कमी ठेवीत असे. घरी जाऊन स्नान करायचेच असते, मग घाम का चोरावा? हळूहळू सकाळीही ते एकेक पायरी कमी करीत गेलो. सहा महिन्यांनी डॉक्टरांचा चेहरा थोडा सैल झाला.

सारेच गोड होते असे नाही. या शहराच्या रस्त्यांवर सायकलला स्वतःची जागा फार थोड्या ठिकाणी आहे. बस मागून कानाशी येऊन गरजते, रिक्षा पुढ्यात येऊन एकाएकी थांबते, आणि मोटारीचे दार कधी उघडेल याचा नेम नसतो. विजेची सायकल आवाज करीत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्याला ती आल्याचे कळत नाही. घंटेवरचा अंगठा उचलायची सोय नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून ती न घालणे बरे. बॅटरी रात्री निजताना भरत ठेवायची नाही, हाही नियम मी पाळतो. २०२३ च्या ऑक्टोबरात बाह्यवळण रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी २३ किलोमीटरांचा मार्ग खुला झाला, आणि त्याच्या माथ्यावर सौर पट्ट्यांचे छप्पर घातले गेले. त्या छपराखालून जाताना मौज वाटली. ज्या उन्हाला भिऊन आपण सावली शोधतो, त्याच उन्हाची डोक्यावर वीज होत होती.

त्या वर्षीचा कार्तिक आला. वर्ष उलटून गेले होते. नवसाचे देणे आणखी थकवणे मला बरे वाटेना. तरी मनातली खुटखुट गेली नव्हती. एका संध्याकाळी मी आईपाशी विषय काढला. तिने त्र्याऐंशी वर्षे पुरी केली आहेत. वाती वळीत बसली होती. वडील स्वतःच्या पायांनी जात, मी मोटर लावून जाणार, हे देवाला चालेल का, असे मी विचारले. तिने हातातली वात पुरी केली आणि मान वर न करता म्हणाली, "आनी थंय प्रदक्षिणा कोण घालतलो? मोटर?"

चिलकूरची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. तिरुपतीला दरवर्षी जाणारा एक भक्त होता. एका वर्षी आजारपणाने त्याचे जाणे होईना, तेव्हा व्यंकटरमणाने त्याच्या स्वप्नात येऊन सांगितले की मी येथे जवळच्या रानात आहे. भक्त त्या ठिकाणी गेला, वारूळ खणू लागला, आणि कुऱ्हाडीचा घाव मूर्तीला लागून रक्त वाहू लागले. मग गाईच्या दुधाचा अभिषेक केल्यावर श्रीदेवी-भूदेवींसह देव प्रकट झाला. लहानपणी मला या कथेतले रक्त आणि दूध तेवढे आठवत असे. आता मला तिचा आरंभ आठवतो. ज्याचे पाय थकले, त्याच्यासाठी देवाने अंतर कमी केले. पण त्यालाही उठून रानापर्यंत जावे लागले, आणि खणावेही लागले.

पहाटे पाचला निघालो. आईने दारातून नेहमीचे सांगितले, "वाटेर सांबाळून वच." लंगर हौजजवळचा मुसीचा पूल ओलांडून, पोलीस अकादमीच्या चौकातून पश्चिमेची वाट धरली. चेवेळ्याकडे जाणाऱ्या या रस्त्यावर पुढे शेकडो जुने वड आहेत. रस्ता रुंद करताना ते जाऊ नयेत म्हणून नागरिकांनी हरित न्यायाधिकरणापर्यंत दाद मागितली. वडील याच वडांच्या सावलीविषयी सांगत. चिलकूरचा फाटा त्यातल्या पुष्कळ वडांच्या आधीच येतो, पण थंडगार पहाटे त्या दिशेने जाताना ती सावली मनात होतीच. वारा पाठीशी होता. तरीही एकशे आठ प्रदक्षिणांपूर्वी पाय दमू नयेत, या धास्तीने मी मोटरचे साहाय्य सर्वांत वरच्या पायरीवर ठेवले. हिशेबाचा माणूस असूनही हा हिशेब मी केला नाही.

देवळात गर्दी होती. प्रत्येकाच्या हातात एकपासून एकशे आठपर्यंत आकडे छापलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. एक फेरी झाली की एका आकड्यावर खूण. परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी अकरा फेऱ्या घालणारी मुले, तान्हे मूल खांद्यावर घेतलेला बाप, काठी टेकीत चालणारी एक म्हातारी, सारे एकाच वेगाने, एकाच दिशेने. तिसाव्या फेरीपर्यंत मी मोजीत होतो. साठाव्या फेरीला गुडघे बोलू लागले. ऐंशीनंतर मी पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर घालवलेले चार तास आठवीत चाललो. त्या दिवशी माझ्या हातून काहीच होण्यासारखे नव्हते, ही गोष्ट मला सर्वांत जड गेली होती. येथे निदान पाय उचलणे तरी माझ्या हाती होते. एकशे आठाव्या खुणेवर पेन्सिल टेकली तेव्हा डोळे भरून आले. ते श्रमाने की कशाने, हे मी स्वतःला विचारले नाही.

परतताना अझीझनगर मागे पडले आणि हँडलवरचा हिरवा दिवा आधी तांबडा झाला, मग विझला. मोटर गप्प झाली. वारा आता समोरून येत होता, ऊन वर आले होते आणि घर पंधरा-सोळा किलोमीटर दूर होते. मुलाला दूरध्वनी करावा, तो मोटार घेऊन येईल, असा विचार प्रथम आला. मग पाय टेकून उभा असताना लक्षात आले की सायकल मोडलेली नाही. फक्त शेजारचा खांदा निघून गेला आहे. मी खालचा गिअर घातला आणि निघालो.

हळू चाललो. दोनदा थांबून पाणी प्यालो. पोलीस अकादमीच्या चौकात सावलीला दहा मिनिटे बसलो. पण उतरून सायकल हातात धरावी लागली नाही, अगदी मुसीच्या पुलापुढच्या चढावरही नाही. वर्षापूर्वी अर्ध्या चढावर थांबलेले हेच पाय होते. मधल्या दहा महिन्यांत मी त्यांच्या नावावर किती जमा झाले ते पाहिलेच नव्हते. सारे श्रेय बॅटरीच्या खात्यावर लिहीत आलो होतो. उसने बळ वापरता वापरता थोडे स्वतःचे झाले होते, आणि उसने संपले तेव्हाच ते मला दिसले.

घरी पोहोचलो तो दीड वाजून गेला होता. दार पत्नीने उघडले. माझा अवतार पाहून तिने आधी पाण्याचा तांब्या हाती दिला आणि मगच विचारले, "ही सायकल मोटरची होती ना?" मी प्रसादाची पुडी तिच्या हातात ठेवली. आतून आईने विचारले, थकलास का? वडिलांचे उत्तर ओठांवर आले होते. पण ते माझे म्हणायला अजून थोडा अवकाश आहे असे वाटले. "थकलो," असे खरे ते सांगून टाकले, आणि जेवायला बसण्यापूर्वी बॅटरी काढून भरायला लावली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि कचेरी होती.